जीआय १/०/२४ म्हणजे नक्की कुठे? राउटर-स्विचच्या पोर्टांची नावं कशी वाचायची

नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं. मी फोनवर सांगतो, जीआय १/०/२४ मधली केबल काढ, आणि पलीकडून दोन मिनिटं नुसता रॅकच्या पंख्यांचा आवाज. मग हळूच, "दादा, चोवीस तर दिसतोय, पण ते एक आणि शून्य कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नसतं रे बाबा. स्विच म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर केबलींनी एकमेकांना जोडणारा डबा, त्याच्या तोंडावर फक्त १ ते २४ नाहीतर १ ते ४८ छापलेलं असतं, बाकीचं डोक्यात असावं लागतं, आणि ते नीट बसून कोणी शिकवत नाही, जो तो चुका करत शिकतो. मीही तसाच शिकलो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

इंदूरच्या माणसाला हे समजायला खरं तर वेळच लागायला नको. आपल्याकडे पत्ता कसा असतो? स्कीम नंबर ११४, पार्ट १, मग प्लॉट नंबर. रामबागेतल्या आमच्या आजीला असले पत्ते अजून पटत नाहीत, तिचा पत्ता म्हणजे अमक्यांच्या वाड्यासमोर, निळं फाटक, पण विजय नगरकडे गेलात की आकड्यांशिवाय गती नाही. आता कुणी नुसतं म्हणालं की प्लॉट २४ वर ये, तर तुम्ही जाणार कुठे? चोवीस नंबर तर प्रत्येक स्कीममध्ये असतो. इंटरफेसचं, म्हणजे पोर्टाचं, नाव अगदी तसंच. डावीकडे मोठी गोष्ट, उजवीकडे लहान. सगळ्यात शेवटचा आकडा पोर्ट, त्याच्या आधीचे आकडे म्हणजे तो पोर्ट कुठल्या कप्प्यात आणि तो कप्पा कुठल्या डब्यात.

आणि आकड्यांच्या आधी जी अक्षरं असतात ती पोर्ट कशासाठी बनवलाय ते सांगतात. एफए म्हणजे फास्ट इथरनेट, १०० एमबीपीएस. हे नाव १९९५ सालचं आहे, त्याआधी १० वर काम चालायचं म्हणून १०० ला फास्ट म्हटलं आणि ते नाव तसंच चिकटलं, आज घरातल्या वायफायपेक्षा हळू असलेल्या पोर्टाला फास्ट म्हणायची वेळ आलीय. जीआय म्हणजे गिगाबिट, टीई म्हणजे दहा गिगाबिट, एफओ चाळीस, एचयू शंभर. मधल्यामध्ये अडीच आणि पाच गिगाबिटचे पोर्ट आले, त्यांचं स्टँडर्ड २०१६ चं, मुख्यतः वायफायच्या ॲक्सेस पॉइंटांसाठी. सिस्को कंपनीच्या डब्यांत अडीच गिगवाल्याचं नाव पडलं टू-गिगाबिट-इथरनेट, थोडक्यात टीडब्ल्यू, आणि पंचवीस गिगवाल्याचं थोडक्यात टीडब्ल्यूई. एका अक्षराचा फरक आणि वेगात दहापट फरक! घाईत हे दोन वाचताना चष्मा पुसून घ्या.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, नाव पोर्टाची कुवत सांगतं, आत्ता काय वेग चाललाय ते नाही सांगत. सियागंजात एका गोदामाच्या ऑफिसात तक्रार होती की एकाच कॉम्प्युटरला फाइल कॉपी करायला फार वेळ लागतो, तिथला मुलगा मला ठासून सांगत होता की पोर्ट गिगाबिटच आहे, नावातच जीआय लिहिलंय. शो इंटरफेसेस स्टेटस ही कमांड मारली तर त्या पोर्टासमोर ए-१००, म्हणजे आपोआप ठरलेला वेग १००. १०० एमबीपीएसला केबलच्या दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही लागतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तर लिंक मुकाट्याने १०० वर उतरते आणि दिवा हिरवाच राहतो. केबलचं एक टोक परत क्रिम्प केलं, काम झालं. जेल रोडवर दुकानदार "भिया, गीगा वाला है" म्हणतो ना, तेही तसंच, तो डब्यावर काय छापलंय ते सांगतो.

आता आकडे. सिस्कोपासून सुरू करू कारण इथल्या जुन्या ऑफिसांत तोच जास्त सापडतो.

जुना साधा २९६० घेतला तर नाव एफए ०/१ ते एफए ०/२४, आणि वरच्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणारे दोन अपलिंक जीआय ०/१ आणि जीआय ०/२. दोनच आकडे, पहिला नेहमी शून्य कारण डबा एकच, त्याला स्टॅक माहीतच नाही. पण बघा, एफए ०/१ आणि जीआय ०/१ हे दोन वेगळे पोर्ट आहेत! आकडे तेच, अक्षरं वेगळी. फोनवर नुसतं "झीरो वन" म्हणून मोकळं होणाऱ्या माणसामुळे अपलिंक निघालेली मी पाहिलीय, सगळा मजला बंद.

मग आले स्टॅक होणारे स्विच, म्हणजे चार डबे मागून खास केबलने जोडले की सगळे मिळून एकच स्विच दिसतो. तिथे तीन आकडे लागतात. जीआय १/०/२४ मध्ये १ म्हणजे स्टॅकमधला पहिला मेंबर, ० म्हणजे डब्यात कायमचे बसवलेले पोर्ट, २४ म्हणजे तोंडावर छापलेला नंबर. कॅटॅलिस्ट ९३०० मध्ये उजवीकडे जे काढता-घालता येणारं अपलिंक मॉड्युल असतं त्याचा मधला आकडा १, म्हणजे टीई १/१/१. याउलट २९६०-एक्स मध्ये अपलिंकही कायमचेच, म्हणून मधला आकडा शून्यच राहतो, चोवीसवाल्यात अपलिंक पंचवीसपासून आणि अठ्ठेचाळीसवाल्यात जीआय १/०/४९ पासून. म्हणजे या दोन्हींत मधला आकडा बघून कळतं की पोर्ट डब्यातच आहे की मॉड्युलवर.

९३०० वर पहिल्यांदा शो आयपी इंटरफेस ब्रीफ मारणारे सगळे घाबरतात. चोवीस पोर्टांचा स्विच, आणि यादीत जीआय १/१/१, टीई १/१/१, एफओ १/१/१, टीडब्ल्यूई १/१/१ असं सगळं. हे पोर्ट आहेत कुठे? नाहीयेत. त्या जागी कुठकुठलं मॉड्युल बसू शकतं, त्या सगळ्यांची नावं तो आधीच मांडून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत पानं मांडलीयत, माणसं अजून यायचीत. खरं कुठलं मॉड्युल बसलंय ते शो इन्व्हेंटरी मध्ये बघा.

राउटरमध्ये, म्हणजे एक नेटवर्क दुसऱ्या नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यात, अजून एक मेख, तिथे मोजणी शून्यापासून. जुन्या २९०० सिरीजच्या राउटरवर जीआय ०/०, ०/१, ०/२, आणि कार्ड घातलं की सिरियल ०/०/०. नंतरच्या ४००० सिरीजमध्ये अंगचे पोर्टसुद्धा तीन आकडी, जीआय ०/०/०, म्हणजे स्लॉट, सबस्लॉट, पोर्ट. आणि त्यातच एक एकटा जीआय ० नावाचा पोर्ट असतो, तो फक्त मॅनेजमेंटचा, त्याचं रूटिंग टेबलच (ट्रॅफिक कुठून पाठवायचं ती यादी) वेगळं, त्यातून इंटरनेट चालवायचा प्रयत्न करू नका, अर्धा दिवस जातो. तर सिस्कोत स्विचचा पहिला पोर्ट १, राउटरचा पहिला पोर्ट ०. का असं विचारू नका, आहे तसं आहे.

आता माझी फजिती सांगतो कारण सगळ्यात डावीकडचा आकडा किती महत्त्वाचा हे त्यानेच शिकवलं. एका ऑफिसचा स्विच जळला, पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे साडेनऊ. आमच्याकडे एक स्पेअर पडला होता, कुठल्यातरी जुन्या दोन डब्यांच्या स्टॅकमधून काढलेला. नेला, चालू केला, बॅकअपमधली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची यादी, पेस्ट केली, एकही एरर नाही. मी खूश, म्हटलं सराफा उघडाच आहे, भुट्ट्याचा कीस खाऊन घरी जाऊ. केबली लावल्या, दिवे हिरवे, आणि एकाही कॉम्प्युटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळेना. रनिंग कॉन्फिग बघतोय, जीआय १/०/५ ला व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) २० दिसतंय, सगळं बरोबर. पाऊण तास मी आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला शिव्या घालत होतो. शेवटी शो स्विच मारलं. मेंबर १ च्या पुढे प्रोव्हिजन्ड, मॅक ॲड्रेस (डब्याचा कायमचा हार्डवेअर नंबर) सगळा शून्य-शून्य, आणि मेंबर २ मास्टर, रेडी. म्हणजे हा डबा जुन्या घरात दोन नंबरचा भाऊ होता आणि वेगळा झाल्यावरही स्वतःला दोनच समजत होता. त्याचे खरे पोर्ट जीआय २/०/१ पासून. मी जी कॉन्फिग टाकली ती सगळी एक नंबरच्या, म्हणजे तिथे नसलेल्या डब्याला! जुनी कॉन्फिग नीट पुसली नव्हती, त्यात एक नंबरची जागा राखून ठेवलेली होती, म्हणून एररही आली नाही.

उपाय दोन मिनिटांचा. कॉन्फिग मोडमध्ये जाऊन स्विच २ रीनंबर १, सेव्ह, रीलोड. पण लक्षात ठेवा, नंबर रीलोड झाल्यावरच बदलतो, आणि नुसतं राइट इरेज (सेव्ह केलेली कॉन्फिग पुसणारी कमांड) मारून मेंबर नंबर पुसला जात नाही, तो वेगळा साठवलेला असतो. तेव्हापासून स्पेअर हातात आला की आधी शो स्विच, मग बाकी सगळं. भुट्ट्याचा कीस त्या रात्री राहिलाच.

सिस्कोच्याच घरात दोन चुलत भाऊ आहेत ज्यांचे रिवाज वेगळे. नेक्सस, डेटा सेंटरवाला, तो वेग नावात सांगतच नाही, एक गिग असो नाहीतर शंभर, सगळे नुसते इथरनेट १/१. मला हे जास्त पटतं, प्लॉटवर झोपडी बांधा की बंगला, प्लॉट नंबर तोच राहायला हवा. फक्त मोठ्या पोर्टाचे चार तुकडे केलेत, म्हणजे ब्रेकआउट, तर इथरनेट १/४९ गायब होतो आणि इथरनेट १/४९/१ ते १/४९/४ तयार होतात, आणि गायब झालेल्यावरची कॉन्फिगही गेली. दुसरा भाऊ आयओएस-एक्सआर, मोठ्या प्रोव्हायडरच्या राउटरांवरचा, तिथे चार आकडे, रॅक, स्लॉट, मॉड्युल, पोर्ट. म्हणजे टेनगिगई ०/०/०/३. घाबरायचं नाही, उजवीकडून वाचायला लागा, शेवटचा पोर्ट.

जुनिपर वेगळ्या शाळेत शिकलाय. जीई-०/०/०, सगळं लहान अक्षरात आणि मध्ये डॅश. जीई गिगाबिट, एक्सई दहा गिग, ईटी चाळीस, शंभर आणि वरचे, एमजीई म्हणजे अडीच-पाचवाले. आकड्यांचा क्रम एफपीसी (मोठं कार्ड), पीआयसी (त्यावरचं छोटं कार्ड), पोर्ट. ईएक्स सिरीजच्या स्विचवर पहिला आकडा म्हणजे व्हर्च्युअल चेसिसमधला, म्हणजे जुनिपरच्या स्टॅकमधला, मेंबर, आणि इथे मेंबरसुद्धा शून्यापासून आणि पोर्टसुद्धा शून्यापासून. स्विचच्या तोंडावर छापलेलंही ० ते ४७ असतं. शिवाय सिस्कोत वरच्या ओळीत विषम आणि खाली सम, तर इथे ० वर आणि १ खाली, म्हणजे वरची ओळ सम. सिस्कोची सवय लागलेला माणूस अंधाऱ्या रॅकमध्ये बोटाने मोजत "पाचवा" शोधतो आणि हमखास शेजाऱ्याची केबल काढतो. मोजू नका, छापलेलं वाचा, मोबाइलचा टॉर्च लावा.

जुनिपरचा खरा सापळा मात्र एसएफपीचा, म्हणजे पोर्टाच्या भोकात काढता-घालता येणाऱ्या छोट्या मॉड्युलचा आहे. ईएक्स २३०० च्या अपलिंकमध्ये दहा गिगचं एसएफपी-प्लस घातलं तर नाव एक्सई-०/१/०, आणि त्याच भोकात एक गिगचं साधं एसएफपी घातलं की नाव होतं जीई-०/१/०. ईएक्स ३४०० वर तेच एक्सई-०/२/०, मधला आकडा दोन. आता समजा दहा गिगचं एसएफपी बिघडलं, तात्पुरतं म्हणून तुम्ही एक गिगचं घातलं. लिंक येते, दिवा लागतो, ट्रॅफिक शून्य, कारण तुमची सगळी कॉन्फिग एक्सई नावावर आणि प्रत्यक्ष पोर्ट आलाय जीई नावाने. आणि जुनिपर नसलेल्या पोर्टाची कॉन्फिग काहीही न बोलता कमिट, म्हणजे लागू, करू देतो. माझ्या दोन नंबरच्या डब्यासारखंच, नाव कागदावर आहे, माणूस घरात नाही. शो इंटरफेसेस टर्स मध्ये अप दिसणारं नाव आणि कॉन्फिगमधलं नाव शेजारी ठेवून बघा, एका मिनिटात कळतं. तिथे शेवटी जो टिंब-शून्य दिसतो, जीई-०/०/०.०, तो युनिट, म्हणजे लॉजिकल भाग, आयपी वगैरे त्यावर बसतं.

बाकीचे पटापट. हुआवेमध्ये गिगाबिटइथरनेट ०/०/१, पहिला आकडा स्टॅकचा पण तो शून्यापासून, आणि पोर्ट मात्र एकपासून, म्हणजे सिस्को आणि जुनिपर यांच्या मधला काहीतरी समझोता. अरुबाच्या सीएक्स स्विचवर नुसतं १/१/२४, अक्षरं नाहीतच. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्हवर त्याहून साधं, पोर्ट २४, विषय संपला. मायक्रोटिकमध्ये इथर१, इथर२, एसएफपी-एसएफपीप्लस१, आणि तिथे नाव तुम्हाला हवं ते ठेवता येतं, म्हणून एखाद्या जुन्या साइटवर "एअरटेल-नवा" नावाचा इंटरफेस सापडला तर घाबरू नका, प्रिंट डिटेलमध्ये डिफॉल्ट-नेम बघा, कुठला इथर आहे ते तिथे तसंच राहतं. लिनक्सवर बनवलेल्या फायरवॉलमध्ये पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ असायचं, पण कार्डं सापडण्याच्या क्रमावर नाव ठरायचं त्यामुळे रीबूटनंतर दोघांची अदलाबदल व्हायची, म्हणून २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) ईएनपी३एस० अशी नावं आणली, म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. दिसायला भयंकर, पण शेवटी तोही पत्ताच.

आता एक शब्द ज्याने माझ्या ओळखीत किमान तीन भांडणं झालीयत, ट्रंक. सिस्कोवाला ट्रंक म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की या एका पोर्टावरून अनेक व्हीलॅन जातात. जुन्या एचपीवाल्याचा टीआरके१ म्हणजे दोन-चार केबली एकत्र बांधून केलेली एक जाड लिंक. हुआवेही त्या जाड लिंकला ईटीएच-ट्रंक म्हणतो. तीच गोष्ट सिस्कोत पोर्ट-चॅनल, थोडक्यात पीओ १, जुनिपरमध्ये एई०, अरुबा सीएक्समध्ये लॅग. समोरचा ट्रंक म्हणाला की आधी विचारा, कुठल्या कंपनीचा डबा आहे?

जे पोर्ट हाताला लागत नाहीत, म्हणजे नुसते सॉफ्टवेअरमधले, त्यांना स्लॅश नसतो. व्हीलॅन १०, लूपबॅक ०, टनेल ०, पीओ १. एकच आकडा आणि तो आपण दिलेला. म्हणजे स्लॅश दिसला तर रॅककडे चला, नाही दिसला तर खुर्चीतच बसा. ढोबळ नियम आहे, मॅनेजमेंटचा जीआय ०, जुना प्रोकर्व्ह, मायक्रोटिक आणि लिनक्स त्याला अपवाद, पण उपयोगी आहे. आणि जीआय ०/०.१० मधला टिंबानंतरचा १० म्हणजे व्हीलॅन १० असं धरून चालू नका. बहुतेक लोक तसं ठेवतात, पण खरा व्हीलॅन ठरतो खाली एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू लिहिलंय त्या ओळीत. टिंबामागे ७७ आणि आत व्हीलॅन १२ असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, ज्याने केलं त्याला बहुतेक कुणाचा तरी सूड घ्यायचा होता.

मग अनोळखी रॅकसमोर उभं राहिलात की करायचं काय. आधी शो व्हर्जन, कुठला डबा आहे ते. मग शो स्विच, जिथे स्टॅक आहे तिथे, डावीकडचा आकडा पक्का करा. मग शो इंटरफेसेस स्टेटस, आणि त्यातलं पहिलं नाव बघा, ० ने सुरू होतंय की १ ने, तोंडावरच्या छापलेल्या नंबराशी जुळवा. मग केबलच्या पलीकडे कुठला डबा आहे ते सांगणारं शो सीडीपी नेबर्स नाहीतर शो एलएलडीपी नेबर्स. यात दोन नावं येतात आणि नवीन मुलं नेहमी उलटी वाचतात, लोकल इंटरफेस म्हणजे आपल्या डब्यावरचा, पोर्ट आयडी म्हणजे पलीकडच्या डब्यावरचा. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर नाव त्याच्या पद्धतीने येतं, इकडे जीआय १/०/४९ आणि तिकडे जीई-०/०/४७ असं दिसलं तर काही बिघडलेलं नाही, दोघं आपापल्या भाषेत बोलतायत. इंदूरच्या मराठी घरात आई मराठीत विचारते आणि मुलगा हिंदीत उत्तर देतो, तसं.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर अजून एक. एसएनएमपीला (हे सॉफ्टवेअर ज्याने डब्यांकडून आकडे मागवतं तो प्रोटोकॉल) नावाशी देणंघेणं नसतं, तो आतून प्रत्येक पोर्टाला एक वेगळाच नंबर देतो, आयएफ-इंडेक्स, आणि काही डब्यांवर रीबूट किंवा कार्ड घातल्यावर तो नंबर सरकतो. मग ग्राफ अपलिंकचा म्हणून दिसतो आणि आत आकडे प्रिंटरच्या पोर्टाचे. सिस्कोच्या आयओएसवर एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स पर्सिस्ट टाकून ठेवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये जमत असेल तर पोर्ट नंबराने नाही, नावाने जोडा.

आणि डिस्क्रिप्शन भरा. नाव फक्त पत्ता सांगतं, घरात कोण राहतं ते नाही सांगत. डिस्क्रिप्शनमध्ये पलीकडच्या डब्याचं नाव आणि त्याचा पोर्ट दोन्ही लिहा, "अपलिंक" एवढंच लिहून सोडू नका, त्याने रात्री कोणाचंच भलं होत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना स्टिकर लावताना नाव पूर्ण लिहा, १/०/२४, नुसतं २४ नको. साध्या पेनने लिहिलेलं स्टिकर इंदूरच्या मे महिन्यात बंद रॅकमध्ये पुसट होऊन जातं, लेबल प्रिंटर नसेल तर निदान पर्मनंट मार्कर वापरा, आणि वरून पारदर्शक टेप.